महाग लायका आणि त्याचे गरीब भाऊबंद

आधीं एक आणि मग दुसरा डोळा मिटून नाकासमोर धरलेल्या बोटाकडे पाहिलें, तर तें बोट जागच्या जागीं असूनहि समोरच्या भिंतीवर इकडून तिकडे उडी मारल्यासारखें दिसतें. बोट जवळ असेल तर उडी मोठी. हात लांब केला कीं ती लहान होते. दूरच्या टेकडीवरील झाडाच्या बाबतींत तर ती जवळ जवळ नसतेच. दोन डोळ्यांमध्यें जें अडीच इंचांचें अंतर आहे, त्याचा हा सारा खेळ आहे. तोफा डागणाऱ्या गोलंदाजांनीं हाच खेळ यंत्रांत बसविला आणि जागेवरून न हलतां दूरच्या वस्तूचें अंतर काढण्याची युक्ति साधली. पुढें ती युक्ति लहानशा कॅमेऱ्याच्या माथ्यावर जाऊन बसली आणि ‘रेंजफाइंडर’ म्हणजे अंतरमापक कॅमेरा लोकांच्या हातीं आला. विसाव्या शतकाच्या मधल्या तीस-चाळीस वर्षांतील युद्धें, मिरवणुका, लग्नें आणि सहली यांचीं जीं चित्रें आज घराघरांतून व संग्रहालयांतून जपून ठेवलेलीं आढळतात, त्यांतील कितीतरी या यंत्रांनीं घेतलेलीं आहेत.

या कॅमेऱ्यांचीं प्रारंभापासूनच दोन कुळें झालीं. एक सधनांचें आणि दुसरें बेताच्या मिळकतीच्या माणसांचें. दोहोंच्या पोटांत भूमितीचा तोच त्रिकोण, दोहोंत तीच ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म आणि तेंच २४ बाय ३६ मिलिमीटरचें चित्र. तरी किंमतींत मात्र मोठें अंतर. हें अंतर कशाचें होतें, आणि तें ज्यांनीं कमी केलें त्यांनीं कशावर पाणी सोडलें, याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

महाग कुळाचा मूळपुरुष लायका हा होय. जर्मनींतील वेट्झलार या गांवीं लाइट्झ यांचा सूक्ष्मदर्शक यंत्रांचा नामांकित कारखाना होता. तेथें १९११ सालीं ऑस्कर बार्नाक नांवाचा एक कुशल यंत्रज्ञ कामास लागला. त्याला छायाचित्रणाचा छंद होता, पण दम्याचा विकारहि होता. त्या काळीं छायाचित्र घेणें म्हणजे मोठी पेटी, तिपाई आणि काचेच्या जड तबकड्या यांचें ओझें वाहणें. तें बार्नाकला झेपेना. त्यानें सिनेमाची फिल्म वापरून खिशांत मावेल असा कॅमेरा तयार केला. त्याचे पहिले नमुने १९१३-१४ सालांतले आहेत. मध्यें महायुद्ध आलें, मागून जर्मनींत चलनाचा घसारा आला. १९२३ च्या सुमारास थोडे कॅमेरे परीक्षेपुरते निघाले आणि १९२४ सालीं कारखान्याचे मालक दुसरे एर्न्स्ट लाइट्झ यांनीं हा माल बाजारांत आणण्याचा धोका पत्करला. १९२५ च्या लाइप्झिग येथील वसंतजत्रेंत तो मांडला गेला. भिंग माक्स बेरेक यांच्या गणितानें घडविलें होतें. लाइट्झ आणि कॅमेरा या दोन शब्दांच्या आद्याक्षरांवरून ‘लायका’ हें नांव पडलें.

या पहिल्या लायकांत अंतरमापक नव्हता. वस्तु किती दूर आहे हें अंदाजानें ठरवावें, किंवा निराळें अंतरमापक यंत्र कॅमेऱ्यावर खोंवून त्यावरचा आंकडा वाचावा आणि मग भिंग तितक्यावर फिरवावें, अशी दुहेरी खटपट होती. भिंग आणि अंतरमापक एकमेकांस जोडण्याची कल्पना अमेरिकेंत कोडॅकच्या एका मोठ्या घडीच्या कॅमेऱ्यांत १९१६ सालींच येऊन गेली होती; परंतु लहान कॅमेऱ्यांत ती रुळली १९३२ सालीं. त्या वर्षीं लायकाची दुसरी आवृत्ति निघाली, आणि त्याच वर्षीं ड्रेस्डेनच्या झाइस इकॉन या बलाढ्य कंपनीनें आपला कॉन्टॅक्स हा प्रतिस्पर्धी मैदानांत उतरविला.

यंत्राची रचना सांगावयास सोपी आहे. कॅमेऱ्याच्या कपाळावर दोन लहान खिडक्या असतात. एकींतून डोळा सरळ समोर पाहतो. दुसरीमागें फिरता आरसा किंवा लोलक असतो आणि तो बाजूनें आलेली प्रतिमा आंत वळवून पहिलीच्या अंगावर टाकतो. त्यामुळें समोरच्या माणसाचीं दोन रूपें दिसतात, एक स्पष्ट व दुसरें पिशाच्चासारखें फिकें. भिंग फिरविलें कीं फिकें रूप सरकूं लागतें. दोन्ही रूपें एकजीव झालीं कीं भिंग त्या माणसावर बरोबर साधलें असें समजावें. दोन खिडक्यांमधील अंतर जितकें अधिक, तितका त्रिकोणाचा पाया रुंद व मापन अधिक अचूक. या बाबतींत कॉन्टॅक्सचा पाया लायकापेक्षां बराच लांब होता आणि त्याच्या निर्मात्यांनीं त्याची शेखीहि मिरविली.

ही रचना सोपी असली तरी ती खरी उतरविणें अवघड आहे, आणि किंमतीचें मूळ तेथेंच आहे. ५० मिलिमीटरचें नेहमीचें भिंग अनंत अंतरावरून एक मीटरवर आणावयाचें तर तें सुमारें २.६ मिलिमीटर पुढें सरकवावें लागतें. दहा मीटरांपासून क्षितिजापर्यंतचें सारें जग मात्र अवघ्या पाव मिलिमीटरांत सामावलेलें असतें. आतां भिंग ज्या कड्यावर बसतें तें कडें फिल्मपासून केवळ एक दशांश मिलिमीटरनें अधिक दूर राहिलें असें समजूं. दहा मीटरांवर उभा असलेला माणूस नीट साधला आहे, अशी ग्वाही खिडकी देईल. पण फिल्मवर तीक्ष्ण उमटेल ती सात मीटरांवरची वस्तु. म्हणजे खिडकी खोटें बोलली असें होईल. भिंगाचें तोंड लहान असेल तर ही चूक बरीचशी झांकली जाते, कारण लहान छिद्रांतून उमटलेलें चित्र मागेंपुढें बऱ्याच अंतरापर्यंत स्पष्ट राहतें. परंतु मंद उजेडांतहि चित्र घेतां यावें म्हणून तोंड मोठें केलें, तर चुकीला क्षमा उरत नाहीं. लुडविग बेर्टेले यांनीं कॉन्टॅक्ससाठीं एफ १.५ इतक्या मोठ्या तोंडाचें ‘झोनार’ हें भिंग सिद्ध केलें. असलें भिंग खऱ्या बोलणाऱ्या खिडकीमागेंच शोभतें.

महाग कॅमेऱ्याचे पैसे या दशांशासाठीं मोजावे लागतात. त्यांतहि भिंगें अदलाबदल करण्याची सोय हवी असेल, तर एकच कॅमेरा अचूक असून भागत नाहीं. कारखान्यांतून निघणारा प्रत्येक कॅमेरा दुसऱ्यासारखा आणि प्रत्येक भिंग दुसऱ्यासारखें असावें लागतें. हें लायकालाहि एका दिवसांत साधलें नाहीं. १९३० सालीं त्याचीं भिंगें सुटीं झालीं, तेव्हां तीं त्या त्या कॅमेऱ्याशीं जुळवून द्यावीं लागत. एकाचें भिंग दुसऱ्यास चालत नसे. १९३१ सालीं कडें आणि फिल्म यांतील अंतर २८.८ मिलिमीटर असें कायम ठरलें, आणि मग कोणतेंहि भिंग कोणत्याहि लायकावर निःशंकपणें बसूं लागलें.

स्वस्त कॅमेरा करावयाचा तर यांतील कांहीं ना कांहीं सोडावें लागणार हें उघड होतें. काय सोडावें, याचीं तीन निरनिराळीं उत्तरें तीन देशांनीं दिलीं.

पहिलें उत्तर नकलेचें. युक्रेनमधील खारकोव्ह शहरांत १९२७ सालीं एक श्रम-वसाहत स्थापन झाली. क्रांति, यादवी आणि दुष्काळ यांत आईबाप गमावून रस्त्यावर आलेलीं मुलें तेथें ठेवलीं जात. त्यांना शाळाहि होती आणि कारखानाहि. या वसाहतीचे चालक आंतोन माकारेन्को हे शिक्षणशास्त्रज्ञ म्हणून पुढें प्रसिद्धीस आले. आधीं विजेचीं गिरमिटें बनविणाऱ्या या मुलांच्या कारखान्यानें दुसऱ्या लायकाचे सुटे भाग समोर ठेवून तसाच कॅमेरा करावयास घेतला, आणि १९३४ सालापासून तो मालिकेनें निघूं लागला. वसाहतीला सोव्हिएत गुप्त पोलिसांचे पहिले प्रमुख फेलिक्स एद्मुंदोविच झेर्झिन्स्की यांचें नांव दिलेलें होतें. त्यांच्या नांवाच्या आद्याक्षरांवरून कॅमेऱ्याला ‘फेड’ म्हणूं लागले. युद्धापूर्वीं असे लाखाहून अधिक फेड बाहेर पडले. रूप लायकाचें, झडपेचा वेगहि लायकाप्रमाणेंच सेकंदाच्या विसाव्या भागापासून पांचशेव्या भागापर्यंत. उणें होतें तें सारखेपण. युद्धापूर्वींच्या फेडचीं भिंगें ज्याचीं त्याला जुळवून दिलेलीं असत, म्हणून एका फेडचें भिंग दुसऱ्यावर भरंवशानें बसत नसे. लायकानें १९३१ सालीं ओलांडलेली पायरी त्याच्या नकलेला चढतां आली नव्हती. तथापि सोळा-सतरा वर्षांच्या पोरक्या पोरांनीं जर्मनीच्या निवडक कारागिरांचें काम आपल्या हातांनीं उतरविलें, ही गोष्ट लहान नव्हे. ज्यांच्या नांवें तो कॅमेरा निघाला त्यांचा इतिहास कसाहि असो, हें श्रेय त्या मुलांचें आहे.

दुसरें उत्तर साधेपणाचें, आणि तें अमेरिकेनें दिलें. मिशिगन संस्थानांत ॲन आर्बर येथें ‘इंटरनॅशनल रेडिओ कॉर्पोरेशन’ ही रेडिओचे संच करणारी कंपनी होती. रेडिओच्या पेट्या बेकेलाइटच्या सांच्यांतून काढण्याची विद्या तिच्याजवळ होती. तीच तिनें कॅमेऱ्याला लावली. १९३६ सालीं तिचा ‘आर्गस’ हा साधा कॅमेरा साडेबारा डॉलरला विकावयास आला. पुढें त्याला अंतरमापक जोडला गेला आणि १९३९ सालीं आर्गस सी-३ निघाला. आकारानें तो विटेसारखा असल्यामुळें लोक त्याला ‘वीट’च म्हणत. त्यांत डौल म्हणून नव्हता. भिंग आणि अंतरमापक यांना जोडणारें दांतेरी चाक चक्क बाहेर दिसे; झडप ओढण्याची खिटी निराळी, आणि ती ओढावयास विसरलें तर कळ दाबूनहि चित्र निघत नसे. भिंगाचें तोंड एफ ३.५ इतकें बेताचें. पण येथेंच निर्मात्यांचा शहाणपणा दिसतो. तोंड बेताचें ठेवल्यामुळें दशांशाची चूक पोटांत घातली जात होती, आणि म्हणून महाग अचूकतेवांचून त्याचें अडत नव्हतें. अंथरूण पाहून पाय पसरण्याचें यंत्रशास्त्रांतील याहून चांगलें उदाहरण क्वचितच सांपडेल. १९६६ पर्यंत सत्तावीस वर्षें हा कॅमेरा फारसा न बदलतां निघत राहिला.

दुसऱ्या महायुद्धानें या सर्वांची कसोटी घेतली. ६ जून १९४४ रोजीं नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर पहिल्या लाटांबरोबर उतरलेला रॉबर्ट कापा याच्याजवळ कॉन्टॅक्स होते. गोळ्यांच्या वर्षावांत घेतलेलीं त्याचीं दहा-अकरा चित्रें जगाच्या स्मरणांत राहिलीं आहेत. तीं हललेलीं व अस्पष्ट आहेत, आणि त्यांचें सामर्थ्य भिंगाच्या तीक्ष्णतेंत नाहीं. त्यानंतर थोड्याच दिवसांनीं त्याच नॉर्मंडींत टोनी व्हॅकारो हा अमेरिकन पायदळांतील तरुण शिपाई उतरला. सैन्याच्या छायाचित्रण विभागानें त्याला घेतलें नव्हतें. त्याच्याजवळ जुना विकत घेतलेला आर्गस सी-३ होता. पडक्या गांवांतील मोडक्या दुकानांतून तो रसायनें मिळवी, रात्रीं सोबत्यांचीं शिरस्त्राणें ओळीनें मांडून त्यांत फिल्म धुई, आणि ती झाडाच्या फांदीवर वाळत घाली. शिपायाच्या जागेवरून पाहिलेलें युद्ध त्याच्या चित्रांत जसें आहे, तसें बातमीदारांच्या चित्रांत फारसें आढळत नाहीं, याचें कारण तो स्वतः खंदकांत होता. त्याला लायका परवडला नसता. वीट परवडली, म्हणून तीं चित्रें उरलीं.

लायकाच्या घरींहि युद्धानें दोन तोंडें दाखविलीं. हिटलरच्या राजवटींत लाइट्झ यांनीं आपल्या कित्येक ज्यू कामगारांना आणि त्यांच्या आप्तांना नोकरीच्या निमित्तानें अमेरिकेस पाठवून त्यांचे प्राण वांचविले. त्यांची कन्या एल्झी कून-लाइट्झ हिनें एका ज्यू स्त्रीला देशाबाहेर पळण्यास साहाय्य केलें, आणि त्यासाठीं १९४३ सालीं तिनें गेस्टापोची कोठडी भोगली. पण त्याच कारखान्यांत युक्रेनमधून सक्तीनें आणलेल्या स्त्रियांकडून कामहि करून घेतलें जात होतें. त्यांचे हाल थोडे कमी व्हावेत यासाठीं एल्झी झटली, हाहि तिच्यावरील एक आरोप होता. इकडे ऑक्टोबर १९४१ मध्यें खारकोव्ह जर्मनांच्या हातीं पडलें आणि फेडचा कारखाना पूर्वेकडे हलविला गेला. महाग कॅमेरा आणि त्याची स्वस्त नक्कल यांच्या जन्मभूमींची गांठ पडली ती अशी.

युद्ध संपल्यावर बाजी पालटली. कॉन्टॅक्सचीं यंत्रें व सामग्री जर्मनींतून रशियनांनीं नेली आणि कीएव्ह येथें त्याच घडणीचा ‘कीएव्ह’ कॅमेरा १९४७ पासून निघूं लागला. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क येथें १९४८ सालीं ‘झोर्की’ हा फेडचा जुळा भाऊ जन्मला. खुद्द फेडची १९५५ सालची दुसरी आवृत्ति तर नकलेच्या पुढें गेली. तिच्या अंतरमापकाचा पाया ६७ मिलिमीटर, म्हणजे ज्या लायकाची ती नक्कल होती त्याहून पुष्कळच रुंद झाला. गुरूचें अक्षर गिरवितां गिरवितां शिष्यानें स्वतःचें एक वाक्य लिहिलें, असें या बाबतींत म्हणावयास हरकत नाहीं.

महाग कुळानेंहि आपला मुकुटमणि याच सुमारास घडविला. १९५४ सालीं लायका एम-३ निघाला. चित्राची चौकट आणि अंतरमापक एकाच मोठ्या, स्वच्छ खिडकींत आले. भिंग आट्यांनीं फिरवीत बसण्याऐवजीं एका झटक्यांत बसूं लागलें. आणि भिंग बदललें कीं खिडकींतील चौकटहि आपोआप बदलूं लागली. १९६६ पर्यंत असे दोन लाखांहून अधिक कॅमेरे निघाले. याच घराण्याच्या जुन्या लायकानें हिंदुस्थानच्या इतिहासाचें एक पानहि टिपलेलें आहे. हेन्री कार्तिए-ब्रेसाँ हा फ्रेंच छायाचित्रकार ३० जानेवारी १९४८ रोजीं दिल्लींत गांधीजींना भेटून गेला, आणि त्यानंतर कांहीं तासांतच त्यांची हत्या झाली. बिर्ला भवनाच्या फाटकापाशीं ती वार्ता लोकांना सांगणाऱ्या जवाहरलाल नेहरूंचें त्याचें चित्र अंधुक उजेडांतलें आहे. लहान कॅमेरा, गुपचुप चालणारी झडप आणि सदैव तयार असलेला हात यांवांचून तें मिळालें नसतें.

स्वस्ताईचें तिसरें उत्तर जपाननें दिलें, आणि व्यवहाराच्या दृष्टीनें तें सर्वांत यशस्वी ठरलें. युद्धापूर्वींपासून लायकाचा कित्ता गिरविणाऱ्या कॅनन कंपनीनें १९६१ सालीं ‘कॅनोनेट’ हा कॅमेरा १८,८०० येन किंमतीस काढला. दुकानांतील माल पाहतां पाहतां संपला आणि इतर कारखानदारांची झोप उडाली. या कॅमेऱ्यानें सोडलें काय, तर भिंग बदलण्याची सोय. एकच भिंग कायमचें जडविल्यामुळें सर्व कॅमेरे एकसारखे असण्याचा जो भारी खर्च, तो वांचला. त्या पैशांत एफ १.९ इतक्या मोठ्या तोंडाचें भिंग आणि प्रकाश आपोआप मोजण्याची व्यवस्था देतां आली. १९६६ सालीं आलेल्या याशिका इलेक्ट्रो ३५ नें विजेवर चालणारी झडप देऊन त्यावर कडी केली. ज्या कुटुंबांत एका भिंगावर सर्व काम भागत होतें, आणि बहुतेकांत तें भागतच होतें, त्यांना लायकाचा मोठा भाग फुकट न घेतां मिळाला.

या दोन्ही कुळांची सद्दी मात्र एकाच शत्रूनें संपविली. १९५९ सालीं निकॉन एफ निघाला आणि भिंगांतूनच आरशाच्या साहाय्यानें पाहण्याचा कॅमेरा व्यावसायिकांच्या हातीं रुळला. दूरच्या वस्तु जवळ आणणाऱ्या लांब भिंगांपुढें त्रिकोणाची मात्रा चालेना. मग फिल्मच मागें पडली. तरीहि अंतरमापक कॅमेरे समूळ नाहींसे झाले नाहींत. लायकानें आपला फिल्मचा एम-६ कॅमेरा २०२२ सालीं पुन्हां बाजारांत आणला. त्याच वर्षाच्या जून महिन्यांत बार्नाकनें स्वतः वापरलेला १९२३ सालचा परीक्षेपुरता लायका वेट्झलार येथील लिलांवांत १ कोटि ४४ लाख युरोंस गेला. उलट कित्येक गरीब फेड आणि झोर्की यांच्या माथ्यावरचें मूळ नांव घासून तेथें लायकाचें नांव कोरण्याचा, वर सोन्याचा मुलामा देऊन ते अजाण ग्राहकांच्या गळ्यांत बांधण्याचा धंदाहि झालेला आहे. खारकोव्हच्या मुलांनीं ज्यावर अभिमानानें आपल्या वसाहतीचें नांव कोरलें, तें पुसून त्याला दुसऱ्याचा वारस म्हणून उभा करणें, यांत फसवणूक तर आहेच. पण त्या मुलांचा अपमानहि आहे.

या इतिहासावरून एक निर्णय निश्चित करतां येतो. महाग कॅमेऱ्याची किंमत बहुतांशीं खरी होती. ती मिलिमीटरच्या दशांशाची, प्रत्येक भाग दुसऱ्यासारखा असण्याची, आणि तीस-चाळीस वर्षांनंतरहि खिडकीनें खरें बोलण्याची किंमत होती. ज्याला मंद उजेडांत मोठ्या तोंडाच्या भिंगानें, निरनिराळ्या अंतरांवरून पोटासाठीं काम करावयाचें होतें, त्याला ती देणें भाग होतें. स्वस्त कॅमेऱ्यांत जे चांगले निघाले, त्यांनीं ही अचूकता आपल्याजवळ आहे अशी बतावणी केली नाहीं. आर्गसनें तोंड लहान ठेवलें, कॅनोनेटनें भिंग जडवून टाकलें. आपल्याला काय झेपणार नाहीं हें ओळखून उरलेलें काम त्यांनीं प्रामाणिकपणें केलें. युद्धापूर्वींचा फेड मात्र बदलत्या भिंगाचा सांगाडा घेऊन आला आणि बदलाची हमी देऊं शकला नाहीं, म्हणून त्याचा पुढें मागें बोभाटा झाला. तेव्हां स्वस्त वस्तु हातीं धरतांना ती किती स्वस्त आहे यापेक्षां तिच्या कर्त्यानें कशावर पाणी सोडलें आहे, आणि त्यावांचून आपलें अडतें कीं नाहीं, हें पाहावें. टोनी व्हॅकारोचें अडलें नाहीं. शिरस्त्राणांत धुतलेल्या त्याच्या फिल्मा त्याची साक्ष देत आहेत.